दिशांची नावे : नाणेघाट ते खोडद

भूगोलाच्या पहिल्या पाठांतच मुले दिशा शिकतात. उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभे राहायचे. समोर पूर्व, पाठीमागे पश्चिम, उजव्या हाताला दक्षिण, डाव्या हाताला उत्तर. पाठ सोपा असतो, परीक्षेत त्याचे गुणही मिळतात आणि मग विषय तिथेच संपतो. खरी गंमत मात्र त्यानंतर सुरू होते. दिशेचे नाव एखाद्या वाटेला, कालव्याला, रेल्वेच्या मार्गाला किंवा दुर्बिणीच्या भुजेला दिले की लगेच एक प्रश्न उभा राहतो: ही दिशा ठरवणारा माणूस कुठे उभा होता?

या प्रश्नाचा माग घेण्यासाठी पुणे जिल्ह्यातील जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांइतकी चांगली जागा शोधून सापडणार नाही. या भागात आजपर्यंत रेल्वे आलेली नाही. पण दोन हजार वर्षांपूर्वी दगडात कोरलेली दिशांची नावे इथे आहेत, नदीच्या वाहण्यावरून नाव मिळालेले कालवे आहेत आणि पूर्व, पश्चिम, दक्षिण अशी नावे असलेल्या भुजांची एक प्रचंड रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या भुजांची टोके जमिनीखालून गेलेल्या तारांनी केंद्राला जोडलेली आहेत. शहरातील भुयारी रेल्वेच्या मार्गांना नावे देताना जे प्रश्न पडतात, तेच इथेही पडले असणार. म्हणून या लेखात आपण नाणेघाटापासून निघू, वाटेत लंडन, कोलकाता आणि पुण्याच्या भुयारांत डोकावू आणि खोडदला येऊन थांबू.

दक्षिणापथाचा स्वामी

जुन्नरच्या पश्चिमेला सह्याद्रीच्या कड्यावर नाणेघाट आहे. कोकणातील कल्याण, सोपारा या बंदरांतून येणारा माल या घाटाने वर चढून जुन्नरला आणि पुढे पैठणकडे जात असे. घाटाच्या माथ्याजवळील लेण्यात सातवाहन राजघराण्यातील एका राणीचा ब्राह्मी लिपीतील मोठा शिलालेख आहे. ही राणी नागनिका असावी, असे अभ्यासक मानतात. लेखाचा काळ साधारणपणे इसवी सनापूर्वीचे पहिले शतक धरला जातो. यज्ञात दिलेल्या दक्षिणांची मोजदाद करताना त्यात जे अंक कोरले आहेत, ते आपल्या अंकलेखनाच्या सर्वांत जुन्या नमुन्यांपैकी आहेत. म्हणून गणिताचे शिक्षक या लेखाचा उल्लेख करतात. भूगोलाच्या शिक्षकांनीही तो करायला हवा.

लेखाच्या आरंभी देवतांना वंदन आहे आणि त्यात चार लोकपालांची नावे येतात: यम, वरुण, कुबेर आणि वासव, म्हणजे इंद्र. हे चौघे अनुक्रमे दक्षिण, पश्चिम, उत्तर आणि पूर्व या दिशांचे रक्षक. क्रम नीट पाहिला तर तो घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो, म्हणजेच प्रदक्षिणेचा आहे. जुन्नरच्या परिसरात चार दिशांचा असा क्रमवार उल्लेख दोन हजार वर्षांपासून दगडावर आहे.

याच लेखात राजाला ‘दक्षिणापथाचा स्वामी’ असे बिरुद लावलेले आहे. ‘पथ’ म्हणजे वाट. दक्षिणापथ हे आधी दक्षिणेकडे जाणाऱ्या वाटेचे नाव होते आणि पुढे ती वाट ज्या प्रदेशात जाते त्या प्रदेशाचे झाले. उत्तरेकडील वाटेला तसेच ‘उत्तरापथ’ म्हणत. दिशेवरून मार्गाला नाव देण्याची ही आपल्याकडील फार जुनी उदाहरणे आहेत. आता नावातील गंमत पाहा. जुन्नरच्या किंवा पैठणच्या माणसाच्या दृष्टीने हा प्रदेश दक्षिणेला नव्हता. तो स्वतः त्यातच राहत होता. ‘दक्षिण’ हे नाव गंगेच्या खोऱ्यात उभे राहून पाहणाऱ्याचे. पण नाव रूढ झाल्यावर इथल्या राजानेही ते अभिमानाने मिरवले. आजही आपण आपल्या पठाराला दख्खन म्हणतो, तेव्हा त्या उत्तरेच्या माणसाच्याच जागी नकळत उभे राहतो.

‘दक्षिण’ या शब्दाचा मूळ अर्थ तर त्याहून बोलका आहे. संस्कृतात दक्षिण म्हणजे उजवा. पूर्वेकडे तोंड करून उभे राहिले की उजव्या हाताला येते ती दक्षिण. पूर्व म्हणजे पुढची, पश्चिम म्हणजे मागची, उत्तर म्हणजे वरची. म्हणजे ज्या दिशांना आपण अगदी पक्क्या मानतो, त्यांची नावेही मुळात एका उभ्या माणसाच्या शरीरावरून आलेली आहेत. शाळेतला तो पहिला पाठ म्हणजे या शब्दांचा इतिहासच म्हणायचा!

डावा आणि उजवा

खेड्यात मात्र रोजच्या बोलण्यात पूर्व-पश्चिम फारसे येत नाही. ‘उगवतीचं शेत’, ‘मावळतीचा बांध’ असे म्हणतात. ‘मावळ’ हे प्रदेशाचे नावही सूर्य मावळतो त्या बाजूवरून पडले, असे मानले जाते. जुन्नरच्या बाजूला आणखी एक पद्धत होती. तिथे खोऱ्यांना नदीच्या नावावरून ‘नेर’ म्हणत. मीना नदीचे ते मिन्नेर, घोड नदीचे घोडनेर, भीमेचे भीमनेर. डोंगराळ मुलखात हे सोयीचे आहे. माणूस खोऱ्यातून चालतो तेव्हा त्याला वर किंवा खाली एवढेच जायचे असते; होकायंत्राची गरज पडत नाही.

विसाव्या शतकात याच नद्यांवर कुकडी प्रकल्पाची धरणे झाली. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही ती पाच धरणे. त्यांच्या कालव्यांना नावे देताना अभियंत्यांनी पूर्व-पश्चिम वापरले नाही. ‘डावा कालवा’ आणि ‘उजवा कालवा’ अशी नावे दिली. हा डावा-उजवा कुणाचा? नदीचा. नदी ज्या बाजूला वाहते त्या बाजूला तोंड करून उभे राहावे. डाव्या हाताचा तो डावा तीर, उजव्या हाताचा तो उजवा. जगभर हाच संकेत आहे.

आंबेगाव तालुक्यात डिंभे धरणाजवळ घोड नदी साधारण पूर्वेकडे आणि पुढे आग्नेयेकडे वाहते. म्हणून तिचा डावा तीर उत्तरेला आणि उजवा दक्षिणेला येतो. डिंभ्याचा डावा कालवा उत्तरेकडील येडगावच्या जलाशयाकडे पाणी नेतो, तो यामुळेच. इथली मुले ‘डावा म्हणजे उत्तर’ असे सहज समजून बसतील. त्यांना नाणेघाटाच्या कड्यावर उभे करावे. कड्याच्या पूर्वेला पडलेले पावसाचे पाणी कुकडी, घोड, भीमा असे करत बंगालच्या उपसागराला मिळते. पश्चिमेला पडलेले कोकणात उतरून अरबी समुद्राला मिळते. पश्चिमेकडे वाहणाऱ्या नदीचा डावा तीर दक्षिणेला असतो. संकेत तोच, पण प्रवाह फिरला की दिशा फिरली.

अशा नावांवर बरेच काही अवलंबून असते. डाव्या कालव्याला किती पाणी सोडायचे आणि उजव्याला किती, याचा अर्थ कोणत्या गावच्या पिकाला पाणी मिळणार असा असतो. आणि ज्यांच्या जमिनीवर जलाशय झाला, त्यांना तर डावाही नाही आणि उजवाही नाही. तालुक्याला ज्याचे नाव मिळाले ते मूळ आंबेगाव डिंभ्याच्या पाण्याखाली गेले. तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो, पण नाव आंबेगावच राहिले. जागा गेली तरी नाव टिकते, ही गोष्ट पुढेही लक्षात ठेवण्यासारखी आहे.

जमिनीखालच्या दिशा

आता थोडे शहरात जाऊ. जमिनीवर चालणाऱ्या माणसाला सूर्य दिसतो, ओळखीची इमारत दिसते. भुयारात यातले काहीच नसते. लोखंड आणि विजेच्या प्रवाहाच्या सान्निध्यात होकायंत्रही विश्वासाचे राहत नाही. मग फलाटावर पाटी काय लावायची?

जगातील पहिली भुयारी रेल्वे लंडनमध्ये १० जानेवारी १८६३ रोजी सुरू झाली. तिथे फलाटांवर ‘उत्तरेकडे’, ‘दक्षिणेकडे’, ‘पूर्वेकडे’, ‘पश्चिमेकडे’ अशा पाट्या लावण्याची पद्धत रूढ झाली. ही पद्धत चांगली की वाईट? ज्याच्या मनात शहराचा नकाशा आहे त्याला चांगली. ज्याच्या मनात नाही त्याला ती निरुपयोगी. त्यातून मार्ग वळणावळणाचा असेल तर गाडी काही काळ पाटीच्या विरुद्ध दिशेलाही जाऊ शकते. वर्तुळाकार मार्गाची अडचण तर उघडच आहे. लंडनचा ‘सर्कल’ मार्ग २००९ पर्यंत पूर्ण वलय होता. वलयावर पूर्वेकडे निघालेली गाडी अर्ध्या फेरीनंतर पश्चिमेकडे जात असते. तिची खरी दिशा सांगायची तर घड्याळाच्या काट्याप्रमाणे किंवा उलट, एवढेच सांगता येते.

लंडनच्या ‘नॉर्दर्न’, म्हणजे उत्तर, मार्गाची कथा आणखी मजेदार आहे. त्याचा सर्वांत जुना भाग १८९० मध्ये सुरू झाला. खोल भुयारातून विजेवर धावणारी ती पहिली महत्त्वाची रेल्वे होती आणि तिच्या कंपनीच्या नावात ‘दक्षिण लंडन’ हे शब्द होते. पुढे हा मार्ग दुसऱ्या मार्गांशी जोडला गेला. शहराच्या उत्तरेकडे त्याचा मोठा विस्तार करण्याची योजना आखली गेली आणि १९३७ मध्ये त्याचे नाव ‘नॉर्दर्न’ ठेवले गेले. दुसरे महायुद्ध आले आणि त्या विस्ताराचा बराच भाग कधी झालाच नाही. नाव मात्र राहिले. आज लंडनच्या भुयारी जाळ्यातील सर्वांत दक्षिणेचे स्थानक, मॉर्डन, याच ‘उत्तर’ मार्गावर आहे. इथे दिशेचे नाव प्रवाशाला काही सांगत नाही. ते एका अपुऱ्या राहिलेल्या योजनेची आठवण सांगते.

न्यूयॉर्कमध्ये मॅनहॅटन बेटाच्या लांबीला धरून ‘वरच्या गावाकडे’ आणि ‘खालच्या गावाकडे’ असे म्हणतात. बेट नकाशावरील खऱ्या उत्तरेपासून सुमारे २९ अंश कललेले आहे, पण रहिवाशांची उत्तर म्हणजे बेटाची लांबी. पॅरिसमध्ये दिशेऐवजी मार्गाच्या शेवटच्या स्थानकाचे नाव देतात.

आपल्याकडे पहिली भुयारी रेल्वे कोलकात्यात २४ ऑक्टोबर १९८४ रोजी धावली. तो मार्ग उत्तर-दक्षिण. हुगळी नदीच्या खालून हावड्याला जाणारा नंतरचा मार्ग पूर्व-पश्चिम म्हणून ओळखला गेला. नदीखालचा भाग २०२४ मध्ये खुला झाला. उत्तर-दक्षिण मार्गाचे उत्तरेकडील टोक आहे दक्षिणेश्वर! पुण्याच्या मेट्रोतही पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट हा मार्ग ढोबळमानाने उत्तर-दक्षिण आणि वनाज ते रामवाडी हा पूर्व-पश्चिम आहे. शिवाजीनगर ते स्वारगेट हा भाग जमिनीखालून जातो. पण पुण्यात मार्गांना दिशांची नावे न देता क्रमांक आणि रंग दिले आहेत, आणि फलाटावर शेवटच्या स्थानकाचे नाव सांगितले जाते.

मुंबईकरांना तर दिशेचे नाव आणि दिशा यांची फारकत अंगवळणीच पडलेली आहे. पश्चिम रेल्वेची लोकल चर्चगेटहून विरारकडे निघते तेव्हा ती उत्तरेला जात असते. पश्चिम रेल्वे हे नाव १९५१ मध्ये देशभरातील रेल्वेची विभागणी करताना दिले गेले. ते भारताच्या नकाशावरचे पश्चिम आहे, मुंबईच्या नव्हे. ‘अप’ आणि ‘डाऊन’ हे शब्द ब्रिटनमधून आले. मुख्य स्थानकाकडे येणारी गाडी अप, तिथून दूर जाणारी डाऊन. यात उंचीचाही संबंध नाही आणि होकायंत्राचाही.

एवढ्या उदाहरणांवरून नावे देण्याच्या चार पद्धती हाती लागतात. पहिली आकाशावरून: उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम. दुसरी केंद्रावरून: अप आणि डाऊन. तिसरी प्रवाहावरून: डावा आणि उजवा. चौथी टोकावरून: ‘स्वारगेटकडे’. पहिली पद्धत सर्वांत शास्त्रीय वाटते. पण दक्षिणापथ, नॉर्दर्न मार्ग आणि पश्चिम रेल्वे या तिन्ही नावांनी दाखवून दिले की तिच्यातही एक न सांगितलेला ‘कुठून?’ दडलेला असतो.

खोडदच्या तीन भुजा

आता पुन्हा जुन्नर तालुक्यात येऊ. नारायणगावच्या पूर्वेला खोडद हे गाव आहे. तिथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राने ‘महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण’ उभारली. जीएमआरटी या नावाने ती ओळखली जाते. डॉ. गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) हे तिचे शिल्पकार. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या मिळून ही एक दुर्बीण होते. पैकी १४ तबकड्या सुमारे एक चौरस किलोमीटरच्या मध्यवर्ती चौकात आहेत. उरलेल्या १६ तबकड्या इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या आकारात तीन भुजांवर पसरल्या आहेत. प्रत्येक भुजा सुमारे १४ किलोमीटर लांब असून सर्वांत दूरच्या दोन तबकड्यांमधील अंतर सुमारे २५ किलोमीटर भरते.

भुजांची नावे पूर्व, पश्चिम आणि दक्षिण. प्रत्येक तबकडीला इंग्रजी आद्याक्षर आणि क्रमांक दिलेला आहे. ‘सी’ म्हणजे मध्यवर्ती, ‘ई’ म्हणजे पूर्व, ‘डब्ल्यू’ म्हणजे पश्चिम, ‘एस’ म्हणजे दक्षिण. केंद्रापासून जसजसे दूर जावे तसा क्रमांक वाढतो. डब्ल्यू ०१ जवळची, डब्ल्यू ०६ टोकाची. पद्धत अगदी रेल्वेच्या मार्गासारखी: मध्ये जंक्शन, तिथून तीन मार्ग आणि प्रत्येक मार्गावर स्थानके. इथे मार्गावरून धावतात ते प्रवासी नव्हेत, आकाशातून आलेले संदेश. प्रत्येक तबकडीने टिपलेला संदेश जमिनीत पुरलेल्या प्रकाशीय तंतूंतून मध्यवर्ती इमारतीत येतो. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. म्हणून १४ किलोमीटरवरून येणाऱ्या संदेशाला सेकंदाच्या सुमारे १४,०००व्या भागाइतका उशीर होतो. सगळे संदेश एकाच क्षणाचे म्हणून जुळवायचे तर प्रत्येक मार्गाचा हा उशीर हिशोबात धरावा लागतो.

नावे मात्र इथेही ढोबळच आहेत. दुर्बिणीचा नकाशा पाहिला तर पूर्व भुजा जाता जाता उत्तरेकडे झुकते आणि पश्चिम भुजा वायव्येकडे जाते. दक्षिण भुजा आंबेगाव तालुक्याकडे उतरते. उत्तर नावाची भुजा नाहीच. अमेरिकेतील न्यू मेक्सिकोमध्ये अशीच ‘वाय’ आकाराची २७ तबकड्यांची दुर्बीण आहे. तिथे ‘वाय’ उलटा असल्याने भुजा उत्तर, पूर्व आणि पश्चिम अशा आहेत. तिथली ‘पूर्व’ आग्नेयेकडे झुकते आणि ‘पश्चिम’ नैर्ऋत्येकडे. त्या भुजांवर तर खरेखुरे रेल्वेचे रूळ आहेत आणि तबकड्या त्यांवरून सरकवून जागा बदलता येतात.

मग असे ढोबळ नाव चालते कसे? कारण माणसाला तबकडी ओळखायला ‘पूर्व भुजेवरची तिसरी’ एवढे पुरते. संगणकाला ते पुरत नाही. त्याला प्रत्येक तबकडीची जागा, पूर्वेला किती, उत्तरेला किती आणि उंचीला किती, अशी तीन आकड्यांत द्यावी लागते. अचूकता हवी ती तरंगलांबीच्या लहानशा अंशाइतकी. हायड्रोजनच्या २१ सेंटिमीटर लांबीच्या लहरी टिपताना जागेत काही सेंटिमीटरची चूक राहिली तरी चित्र बिघडू लागते. नाव लोकांसाठी, आकडे यंत्रासाठी. भुयारी रेल्वेतही हेच असते. प्रवाशाला पाटी, तर गाडी चालवणाऱ्या यंत्रणेला रुळावरचे नेमके अंतर.

तीन भुजा कशासाठी?

एकाच ओळीत तबकड्या मांडल्या असत्या तर नावांचा प्रश्नच आला नसता. मग ‘वाय’ कशाला? याचे उत्तर दिशांमध्येच आहे.

दोन तबकड्या जोडल्या की त्यांना जोडणारी रेषा जणू एका मोठ्या आरशाचा छोटासा तुकडा होते. ३० तबकड्यांच्या अशा ४३५ जोड्या होतात. शिवाय पृथ्वी फिरत असल्यामुळे ताऱ्यावरून पाहणाऱ्याला प्रत्येक रेषा हळूहळू वळताना दिसते आणि मोठ्या आरशाचा आणखी भाग भरून निघतो. रेषा पूर्व-पश्चिम असेल आणि तारा ध्रुवाजवळ असेल, तर ती पूर्ण वर्तुळात फिरते. काम छान होते. पण तारा विषुववृत्ताच्या वर असेल तर तीच रेषा त्याला फक्त आखूड-लांब होताना दिसते, तिचा कल बदलतच नाही. परिणामी चित्र एका दिशेने स्पष्ट आणि दुसऱ्या दिशेने पुसट येते. उत्तर-दक्षिण अंतर असलेल्या जोड्याही हव्यात, त्या यासाठी. तीन दिशांना पसरलेल्या ‘वाय’मध्ये त्या आपोआप मिळतात. इथे दिशा हे नुसते नाव नाही; दुर्बिणीला काय दिसेल हे तीच ठरवते.

स्वरूप यांच्या कामात हा विचार आधीपासून होता. १९६५ मध्ये कल्याणजवळ त्यांनी ऑस्ट्रेलियातून मिळालेल्या ३२ लहान तबकड्या पूर्व-पश्चिम आणि उत्तर-दक्षिण अशा ओळींत मांडून सूर्याचा अभ्यास सुरू केला. ज्या कल्याण बंदराचा माल नाणेघाटाने जुन्नरला येत असे, तेच हे कल्याण. त्यानंतर १९७० मध्ये उटीला ५३० मीटर लांबीची दुर्बीण झाली. ती उत्तर-दक्षिण उतार असलेल्या डोंगरावर बसवलेली आहे. उताराचा कोन तिथल्या अक्षांशाइतका, सुमारे ११ अंश, असल्याने दुर्बिणीचा आस पृथ्वीच्या आसाला समांतर येतो. त्यामुळे ती एकाच आसाभोवती फिरवून ताऱ्याचा तासन्‌तास माग घेता येतो. खोडदची दुर्बीण १९९०च्या दशकात उभी राहिली आणि २००२ पासून जगभरच्या शास्त्रज्ञांना खुली झाली. पुढे तिची क्षमता वाढवण्यात आली. अतिशय मंद गुरुत्वीय लहरींचे संकेत २०२३ मध्ये जगातील अनेक गटांनी जाहीर केले, तेव्हा भारतीय-जपानी गटाची निरीक्षणे याच दुर्बिणीची होती.

रेल्वे आणि दुर्बीण

खोडदची जागा निवडली गेली त्याचे एक मोठे कारण शांतता. ही शांतता आवाजाची नव्हे, रेडिओ लहरींची. दूरच्या दीर्घिकेतून येणारा संदेश इतका क्षीण असतो की जवळची विजेची ठिणगीही त्याला झाकून टाकते. हाइनरिश हर्ट्‌झ यांनी १८८७-८८ मध्ये रेडिओ लहरी प्रथम निर्माण केल्या त्या ठिणगीनेच, हे विद्यार्थ्यांना आठवून द्यावे. विजेवर चालणारी रेल्वे २५,००० व्होल्टच्या तारेवरून प्रवाह घेते आणि तारेशी होणाऱ्या घर्षणात ठिणग्या उडत राहतात.

म्हणूनच पुणे-नाशिक रेल्वेचा प्रश्न अवघड झाला. सुमारे २३५ किलोमीटरच्या या वेगवान मार्गाची आखणी चाकण, मंचर, नारायणगाव, संगमनेर अशी झाली होती. या पट्ट्यातील लोकांची रेल्वेची मागणी कित्येक वर्षांची आहे. नारायणगावचा टोमॅटो, जुन्नरची द्राक्षे, मंचरच्या बाजारात येणारा शेतमाल यांना रेल्वे मिळाली तर काय होईल, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. पण ही आखणी दुर्बिणीच्या अंगणातून जात होती. २०२५ मध्ये रेल्वेमंत्र्यांनी सांगितले की दुर्बिणीला बाधा येऊ नये म्हणून मार्ग बदलावा लागेल. या भागातून त्याला विरोध झाला, मध्यम मार्ग काढण्याची मागणीही झाली.

कुणाची बाजू बरोबर, हे इथे ठरवण्याचा आमचा इरादा नाही. शिक्षकांनी मात्र हा प्रश्न टाळू नये. एका बाजूला दोन तालुक्यांची रोजीरोटी आहे, दुसऱ्या बाजूला साऱ्या जगाला उपयोगी पडणारे आणि दुसरीकडे सहज हलवता न येणारे यंत्र आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. नकाशावर नुसती एक रेषा ओढली तर ती सरळ दिसते. ती कुठून कुठे जाते, कुणाच्या डावीकडून आणि कुणाच्या उजवीकडून, हे विचारले की तिचे खरे स्वरूप समजते.

वर्गात करण्यासारखे

१. पृथ्वीचा गोल घ्या. त्यावर आपल्या अक्षांशावर एक आगकाडी पूर्व-पश्चिम आणि दुसरी उत्तर-दक्षिण अशी चिकटवा. गोल फिरवताना एका विद्यार्थ्याने उत्तर ध्रुवाच्या वरून आणि दुसऱ्याने विषुववृत्ताच्या समोरून पाहावे. कोणती काडी कुणाला कशी वळताना दिसते, ते दोघांनी काढून दाखवावे. खोडदच्या ‘वाय’चे कारण मुलांना स्वतःच सापडेल.

२. गावच्या ओढ्यावर जा. प्रवाहाकडे तोंड करून डावा आणि उजवा काठ ठरवा, मग होकायंत्राने त्यांच्या दिशा नोंदवा. ओढ्याच्या वळणानंतर पुन्हा नोंदवा. काय बदलले आणि काय तसेच राहिले?

३. दिशेचा शब्द असलेली दहा नावे गोळा करा: रस्ते, वस्त्या, रेल्वे, कालवे, शिवार. प्रत्येकापुढे ‘कुठून पाहिल्यावर?’ असा रकाना करा. जे नाव आता खोटे ठरले आहे, त्याचा इतिहास गावातील वडीलधाऱ्यांना विचारा.

४. वरच्या इयत्तांसाठी चर्चेचा विषय: रेल्वे जमिनीखालून नेली तर दुर्बिणीला होणारा त्रास कमी होईल का? खडक रेडिओ लहरी किती अडवतो, भुयाराची तोंडे कुठे येतील, खर्च कुणी करायचा, असे उपप्रश्न विद्यार्थ्यांनीच काढावेत.

राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्ताने, म्हणजे २८ फेब्रुवारीच्या सुमारास, खोडदला अनेक वर्षे विज्ञान प्रदर्शन भरत आले आहे आणि शाळांचे प्रकल्पही तिथे मांडले जातात. तिथे गेलात तर तबकड्यांकडे पाहण्याआधी मुलांना एवढेच विचारा: पूर्व भुजा कोणती? सूर्य पाहून त्यांनी बोट दाखवू द्यावे, आणि मग नकाशा उघडावा.